बाबाला म्हणे काही जमत नाही

काल रात्री पोरीला झोपवून बाहेर आलो तर टीव्हीवर परत त्याच टाइपची जाहिरात. आई दोन दिवस बाहेरगावी, बाबा घरी, सगळ्या घरभर पसारा आणि पोरगं उलटा डायपर घालून हिंडतंय, मग आई दारात येऊन कपाळाला हात लावते. मीपण हसलो, खोटं कशाला बोला. मग लक्षात आलं की अरे, मी आत्ताच डायपर बदलून आलोय आणि तो सुलटा होता.

ही खोड जुनीच आहे. 2012 साली अमेरिकेत हगीजने डायपरची परीक्षा घ्यायला मुद्दाम बाबालोक बसवले, म्हणजे यांच्या तावडीत टिकला तर कुठेही टिकेल! बाप भडकले, ऑनलाइन पिटिशन झालं, कंपनीला जाहिरात बदलावी लागली. ब्रिटनमध्ये जून 2019 पासून 'बाई अशीच, पुरुष तसाच' असले नुकसान करणारे ठरीव साचे जाहिरातीत दाखवायला बंदीच आली आणि ऑगस्टमध्ये फिलाडेल्फिया चीजची जाहिरात अडकली, त्यात दोन बाबा खायच्या नादात बाळांना फिरत्या पट्ट्यावर विसरतात. कंपनी म्हणे, नेहमीसारख्या आयाच दाखवायच्या नव्हत्या म्हणून तर बाबा घेतले. घेतले खरे, पण विसरायला.

आणि दुसरीकडे मार्लबोरोचा काउबॉय. ती सिगरेट आधी बायकांची म्हणून विकायचे, 1950 च्या दशकात पुरुषांना विकायची ठरली तेव्हा फिल्टरवाली सिगरेट बायकी वाटू नये म्हणून हा रांगडा गडी आणला. म्हणजे बाहेर घोड्यावर आणि घरात वेंधळा.

पण खरं सांगू का, वेंधळा बाबा आम्हाला सोयीचा पडतो. "मला नाही गं जमत" म्हटलं की सुटलो. सुरुवातीला एकदा माझ्याकडून आंघोळीचं पाणी गार झालं, बायको म्हणाली दे इकडे, आणि मी लगेच दिलं, पुढचे तीन महिने आंघोळ तिच्याकडेच. तिला तरी कुठे येत होतं, तीपण यूट्यूब बघूनच शिकली की.

मागच्या महिन्यात पोरीला लसीला मी एकटाच घेऊन गेलो. डॉक्टरांनी पुढच्या तारखा सांगितल्या, माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाले, "थांबा, लिहूनच देतो, घरी मॅडमना दाखवा." घेतला कागद. फ्रिजवर लावलाय, मॅडमनी अजून बघितलेला नाही.