गोरज मुहूर्त आणि मागे पडलेली डायल

संध्याकाळी 5 वाजून 50 मिनिटांनी फोन आला. धुळ्याबाहेर आग्रा रोडवरच्या एका लॉन्सचे मालक होते. "भाऊ, गोरज मुहूर्ताचं लग्न आहे. वऱ्हाड दारात आलंय आणि बागेत एक दिवा लागलेला नाही. पॅनलची किल्ली घेऊन मॅनेजर गावात गेलाय." मी इलेक्ट्रिशियन, तेव्हा धुळ्यातल्या देवपुरात दुसऱ्या कामावर होतो. डुप्लिकेट किल्ली माझ्याकडे असते, तशीच गाडी काढली.

पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते. नोव्हेंबरअखेरीस आमच्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात अंधार पडतो. स्टेज डेकोरेटरच्या जनरेटरवर होतं, ते झगमगत होतं. पार्किंगपासून स्टेजपर्यंतची वाट मात्र काळीकुट्ट. वाटेतल्या तीन पायऱ्यांपाशी एक आजी बसल्या होत्या. पायरी दिसली नाही, पाय मुरगळला. घोटा टरारून सुजला होता. नव्या लुगड्याच्या काठाला चिखल लागला होता आणि हात शेजारच्या विझलेल्या बुटक्या दिव्यावर होता. तो दिवा दोन वर्षांपूर्वी मीच बसवला होता, याच पायऱ्यांसाठी.

पॅनल उघडलं. टायमरची डायल 4 वाजून 20 मिनिटं दाखवत होती. दिवे पावणेसहाला लागावेत अशी पिन लावलेली होती आणि त्या डायलवर पावणेसहा वाजायला अजून जवळजवळ दीड तास होता. बाजूचा छोटा खटका 'मॅन्युअल'वर ढकलला. काँटॅक्टर, म्हणजे सगळ्या दिव्यांची लाइन जोडणारा मोठा स्विच, खटाक् करून ओढला गेला आणि सगळी वाट उजळली. मांडवातून कुणीतरी "आली, आली" म्हणून ओरडलं. आजींना दोघा पोरांनी उचलून खुर्चीवर बसवलं. माझं लक्ष मंगलाष्टकांकडे नव्हतंच.

टायमर बिघडलेला नव्हता. आठवड्यापूर्वीच मॅनेजरने वेळ बरोबर मिळवली होती. मग पावणेदोन तासांहून जास्त मागे कसा पडला? वॉचमनबाबांना विचारलं.

"मी हात बी लावेल नही, भाऊ," ते म्हणाले. मग खोलीतलं कॅलेंडर काढून दाखवलं. लाइट गेली की किती वेळ गेली, ते पेन्सिलीने त्या तारखेच्या चौकोनात लिहितात. आठवड्यातल्या तीन नोंदी होत्या : 40 मिनिटं, 25 मिनिटं, 50 मिनिटं. बेरीज 115. डायल आणि माझं घड्याळ यांतला फरकही 1 तास 55 मिनिटं.

उलगडा झाला. या टायमरच्या आतली बारकी मोटर विजेच्या 50 हर्ट्झवर चालते. लाइट गेली की मोटर थांबते, लाइट आली की जिथे थांबली तिथून पुढे निघते. बॅटरी असलेला टायमर घेतला तर ही अडचण येत नाही. दोन वर्षांपूर्वी तो थोडा महाग पडत होता म्हणून मी साधा बसवला. गावाबाहेरचा फीडर (वीज आणणारी लाइन) आहे, लाइट जाणारच, हे मला ठाऊक होतं. चूक माझीच, मालकांना तसं सांगितलं आणि नवं काम पदरचं करून दिलं.

आधी वाटेच्या दिव्यांना डे-नाईट सेन्सर लावला. पहिल्याच रात्री दिवे लागायचे, मिनिटभरात विझायचे, परत लागायचे. सेन्सर शेडखाली होता आणि समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर बागेचाच, त्याच सेन्सरवरचा फ्लड लाइट पडत होता. उजेड पडला की सेन्सरला दिवस वाटायचा, विझला की रात्र. शेवटी तो ऑफिसच्या गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून बसवला, जिथे एकाही दिव्याचा उजेड पोचत नाही.

झाडांवरच्या दिव्यांसाठी वेगळी व्यवस्था केली. नुसत्या सेन्सरवर ते रात्रभर जळत राहिले असते, आणि त्या कडुनिंबावर रात्री बगळे वस्तीला उतरतात. म्हणून तिथे बॅटरीचा अ‍ॅस्ट्रो टायमर. त्यात अक्षांश-रेखांश भरले की तो रोजचा सूर्यास्त स्वतः काढतो. हे हवंच, कारण नोव्हेंबरातला पावणेसहाचा सूर्यास्त जुलैत सव्वासातपर्यंत जातो. एकाच वेळेवर लावलेली पिन वर्षभर कशी चालेल? आत आधीपासून मुंबई निवडलेली होती. ती बदलून धुळ्याचे आकडे टाकले, थंडीत तेवढ्यानेच दहाएक मिनिटांचा फरक पडतो. रात्री अकराला झाडं अंधारात. वाट मात्र पहाटेपर्यंत उजेडात, आणि पावसाळ्यात भरून आलं तर दिवसाही.

मालकांच्या मुलाला सगळं मोबाईलवर हवं होतं. सोय चांगली आहे, पण राउटर बंद पडला किंवा मोबाईल दुसऱ्याच्या खिशात असला तर पायऱ्यांपाशी उभ्या माणसाने काय करायचं? म्हणून कुलपाबाहेर, वॉचमनबाबांच्या खोलीच्या दाराशी ऑटो-बंद-हात ('हात' म्हणजे हाताने चालू) असा सिलेक्टर स्विच बसवला. वाटेच्या दिव्यांची लाइन जनरेटरच्या चेंजओव्हरवर, म्हणजे लाइट गेली की जनरेटरवर नेणाऱ्या स्विचवर घेतली. ओल्या गवतात तारा आहेत, म्हणून 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तपासली. टेस्टचं बटण दाबताच ती ट्रिप झाली.

पुढच्या गोरजाच्या लग्नाला मी मुद्दाम गेलो. बाबा स्विचपाशी उभे होते, हात त्याच्या मुठीवर. पश्चिमेला तांबडं उरलं होतं. पायऱ्यांजवळचा दिवा लागला, मग पुढचा, मग पूर्ण वाट. बाबांनी हात काढून घेतला आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहिली.