घोडबंदर रोडसाठी ट्यूबलेस : दोन्ही चाकं घरीच कशी तयार केली

घोडबंदर रोडवर सायकलचं पंक्चर बहुतेक वेळा खिळ्याने होत नाही. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून गळालेली, केसाहून थोडी जाड पोलादी तार त्याला कारण असते. ती टायरमध्ये अशी रुतते की बाहेरून दिसतच नाही, आणि नवी ट्यूब टाकली तरी थोड्या वेळात चाक पुन्हा बसतं. गायमुखच्या चढ-उताराला खड्ड्यांची भर. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली की शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. पावसात हे सगळं वाढतं, कारण ओल्या रबरात तार आणि काच जास्त सहज शिरते. तुम्ही ठाण्याहून फाउंटन हॉटेलच्या बाजूला किंवा येऊरच्या चढावर नेमाने जात असाल आणि टायर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल, तर ट्यूब काढून टाकून टायर थेट रिमवर हवाबंद करणं, म्हणजे ट्यूबलेस, हाच मला पटलेला उपाय आहे. मी ७०० बाय ४० च्या टायरवर हे काम घरीच केलं. ते कसं केलं ते इथे सांगतो.

सर्वात आधी रिम तपासली. रिमच्या आतल्या बाजूला किंवा स्टिकरवर ६२२ बाय २१ असे आकडे असतात. ६२२ म्हणजे टायर जिथे बसतो तो व्यास, आणि २१ म्हणजे आतली रुंदी. ७०० सी आणि २९ इंची दोन्ही चाकं ६२२ चीच असतात, साडेसत्तावीस इंचीसाठी ५८४. ट्यूबलेसला चालणाऱ्या रिममध्ये मधोमध खोल चर असते, तिच्या दोन्ही बाजूंना सपाट पट्टी, आणि बऱ्याच रिममध्ये पट्टीच्या आतल्या कडेला बारीक उंचवटा. हवा कमी झाली तरी टायरची कड चरीत घसरू नये म्हणून तो उंचवटा. टायरच्या भिंतीवरही ट्यूबलेस रेडी असं लिहिलेलं हवं. साध्या रिमवर किंवा साध्या टायरवर जुगाड करून ट्यूबलेस चालवणारे आहेत, मी मात्र ते कोणालाच सुचवणार नाही. वळणावर टायरने कड सोडली तर सावरायला वेळच मिळत नाही.

सामान फार नाही. २५ मिलिमीटर रुंद ट्यूबलेस टेप (आतल्या रुंदीपेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त), कोअर (हवा अडवणारा आतला भाग) निघणारे दोन प्रेस्टा, म्हणजे सायकलचे बारीक व्हॉल्व्ह, सीलंटची, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली, व्हॉल्व्हचा कोअर काढायची छोटी चावी, केमिस्टकडची सुई नसलेली ६० मिलिलिटरची सिरिंज आणि तिला बसेल असा बोटभर पाइप. टेपचा १० मीटरचा रोल दोन चाकांना दुहेरी थर दिला तरी पुरतो. व्हॉल्व्हची लांबी रिमच्या उंचीपेक्षा साधारण २० मिलिमीटर जास्त हवी, माझ्या रिमला ४४ चा पुरला. आपल्याकडच्या अनेक हायब्रिड आणि एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) रिमला मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचं, म्हणजे श्रेडरचं, साडेआठ मिलिमीटरचं भोक असतं. प्रेस्टाचं भोक साडेसहाचं. त्यामुळे सामान मागवण्याआधी भोक मोजा.

आता टेप. माझ्या मते ट्यूबलेसचं सगळं यश इथेच ठरतं. १९९९ मध्ये माव्हिक या फ्रेंच कंपनीने यूएसटी ही ट्यूबलेसची पद्धत आणली तेव्हा तिच्या रिमच्या आतल्या भिंतीला स्पोकची भोकं नव्हतीच, त्यामुळे टेपचा प्रश्नच नव्हता. आपल्या रिमला २८ किंवा ३२ भोकं असतात आणि ती सगळी एका पातळ टेपने हवाबंद करायची असतात. सीलंट आहे ते रस्त्यावर पडणाऱ्या भोकांसाठी. टेपची गळती त्याच्यावर सोपवली तर ते रिमच्या पोकळीत झिरपून संपतं, आणि तार घुसते तेव्हा टायरमध्ये काही उरलेलंच नसतं. म्हणून मी आधी चाक सीलंटशिवाय, कोरडंच हवाबंद करून घेतलं.

चाकं काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवा. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात. डिस्क सुटी होत असेल तर काढूनच ठेवा, तिच्यावर सीलंट किंवा साबण उडता कामा नये. जुनी रबरी पट्टी काढून रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच. हाताला लावायचं सॅनिटायझर चालत नाही. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, त्याचा थर मागे राहतो आणि टेपचा गोंद धरत नाही. दमट हवाही तशीच नडते. जुलैमध्ये गॅलरीत बसून टेप लावू नका. खोलीत पंख्याखाली रिम पूर्ण कोरडी होऊ द्या.

टेप व्हॉल्व्हच्या भोकापासून वीतभर अलीकडे सुरू केली आणि पूर्ण फेरी मारून भोकाच्या वीतभर पलीकडे संपवली, म्हणजे भोकावर आपोआप दोन थर आले. चाक मांडीवर उभं धरायचं, एका हाताने टेप चांगली ताणायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती मधल्या चरीत दाबत पुढे जायचं. ताण इतका हवा की टेप किंचित लांबते आहे हे दिसावं. ताण कमी पडला की चरीच्या कोपऱ्यात टेप तंबूसारखी अधांतरी राहते, आणि हवा भरली की तिथेच उचलली जाते. फेरी पूर्ण झाल्यावर सुती फडक्याने दोन्ही कडा घासून बसवल्या. मग ट्यूब घालून टायर चढवला आणि ४० पीएसआय हवा भरून रात्रभर ठेवला. ट्यूबच्या दाबाने टेप चरीत नीट बसते. या पायरीला पर्याय नाही असं माझं मत आहे. ४० मिलिमीटरच्या टायरला एक थर पुरतो. ६० पीएसआयच्या वर जाणार असाल तर दोन थर द्या, पण मग टायर चढवायला घट्ट जातो.

सकाळी ट्यूब काढली आणि व्हॉल्व्हचं भोक पाडलं. कटरने फुली मारली तर हवेच्या दाबाने चिरा लांबत जातात. मी दाभण गॅसवर तापवून बाहेरच्या बाजूने टोचलं. टेप वितळते आणि भोकाची कड गोल, जाडसर होते, चीर पुढे जात नाही. भोक व्हॉल्व्हपेक्षा किंचित लहान ठेवून व्हॉल्व्ह आतून दाबून बसवला. बाहेरच्या नटखाली रबराची रिंग असते ती विसरू नका. आट्यांना ग्रीसचा हलका हात लावला, कारण खाडीच्या हवेत ॲल्युमिनियमचा नट गंजून बसतो. नट हातानेच आवळायचा, पकडीने कधीच नाही. रस्त्यात कधी ट्यूब घालायची वेळ आली तर तो बोटांनी सुटला पाहिजे.

टायर चढवताना फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. व्हॉल्व्हच्या बुडाशी कड चरीत उतरू शकत नाही. ती जागा शेवटी ठेवली की बाकी सगळीकडे कड चरीत राहते आणि हवी ती ढील मिळते. टायर चढवायचा लिव्हर लागलाच तर प्लास्टिकचा. लोखंडी लिव्हरने टेप फाटते.

मग कडांना साबणाचं पाणी लावलं (अर्धा मग पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड), व्हॉल्व्हचा कोअर काढला आणि पायपंपाने भरभर हवा मारली. कोअर नसला की हवेला पूर्ण वाट मिळते. दाब वाढताना कडा पट्टीवर चढतात आणि ठाक ठाक आवाज येतो, त्याने दचकू नका. पुढच्या टायरच्या कडा पंपावरच बसल्या. मागच्यासाठी कंप्रेसर लागला. पंक्चरच्या दुकानात जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रेस्टावर लावायचं पितळी अडॅप्टर कोअरच्या आट्यांवर बसतं, म्हणजे कोअर काढलेला असेल तर ते लागतच नाही. कोअर ठेवून हवा मारली तर वाट अरुंद राहते. अशा वेळी रबरी टोकाची ब्लो गन उघड्या व्हॉल्व्हवर दाबून धरायची आणि एक-दोन सेकंदांचे झटके द्यायचे. गाड्यांच्या कंप्रेसरमध्ये शंभराच्या वर पीएसआय असतात, म्हणून सलग हवा सोडू देऊ नका. टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या मर्यादांपैकी जी कमी, ती पाळायची. हुकलेस रिम (टायरची कड अडकवणारा आकडा नसलेली) असेल तर ७२ पीएसआयच्या वर कधीच नाही.

कड बसली की नाही हे टायरवरच्या बारीक उंच रेषेवरून कळतं. रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. एका जागी ती आत गेलेली दिसली तर तिथे पुन्हा साबण लावून हवा भरा.

कोरडा टायर रात्रभरात अर्ध्यावर उतरला तरी हरकत नाही, थोडी हवा टायरच्या भिंतीतून जातेच. पण तासाभरात मऊ पडला तर गळती शोधायला हवी. माझं मागचं चाक असंच मऊ पडलं. साबणाचं पाणी फवारल्यावर एका स्पोकच्या मुळाशी बुडबुडे दिसले. इथे बरेच जण फसतात आणि त्या स्पोकवरची टेप दुरुस्त करत बसतात. रिमची पोकळी सलग असते. टेपखालून कुठेही शिरलेली हवा पोकळीत फिरून जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येते. स्पोकशी बुडबुडा म्हणजे टेप गळते आहे एवढंच कळतं, कुठे ते कळत नाही. कडेशी बुडबुडे असतील तर तिथे घाण आहे किंवा कड नीट बसलेली नाही. भिंतीवर बारीक फेस दिसला तर काळजी नको, ते काम सीलंट करतं. फक्त व्हॉल्व्हच्या भोकाशी बुडबुडे आले तर आधी व्हॉल्व्ह आतून दाबून नट पुन्हा हाताने आवळावा. तरी थांबलं नाही तर टेपच पाहावी.

मागच्या रिमची गळती सापडली ती व्हॉल्व्हच्या बरोबर समोर, रिमच्या जोडावर. ॲल्युमिनियमची रिम वाकवून तिथे जोडलेली असते आणि जोडाची धार नखाला लागते. त्या धारेवर टेपची कड दोनेक मिलिमीटर उचलली गेली होती. टेप काढली, बारीक पॉलिश पेपरने धार गुळगुळीत केली, भुकटी अल्कोहोलने पुसली आणि नवी टेप लावली. नव्या टेपची सुरुवात-शेवट जोडापासून लांबच ठेवला. टेप लावण्याआधी दोन्ही रिमच्या जोडावरून नख फिरवून पाहणं हा पाच सेकंदांचा उद्योग आहे.

चाक कोरडं टिकतंय म्हटल्यावर सीलंट. बाटली जोरात हलवायची, कारण भोक बुजवणारे कण तळाशी बसलेले असतात. कोअर काढून, व्हॉल्व्ह घड्याळातल्या चारच्या जागी ठेवून सिरिंजने प्रत्येक चाकात ७० मिलिलिटर सोडलं. २९ बाय २.२ च्या टायरला १०० च्या आसपास लागतं. कोअर बसवून ४० पीएसआय भरले, चाक सगळ्या बाजूंनी कलतं करत फिरवलं आणि बादलीवर आडवं ठेवलं, अर्ध्या तासाने उलटं. मग लगेच उपवनपर्यंत चक्कर मारली. चाक फिरलं की सीलंट सगळीकडे पोचतं.

दाबाचं म्हणाल तर सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या चालकाला ४० मिलिमीटरवर पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआय ही चांगली सुरुवात आहे. ट्यूब चिमटण्याची भीती गेल्यामुळे दाब उतरवता येतो, आणि येऊरच्या उखडलेल्या डांबरावर त्याचा फरक मनगटांना लगेच कळतो. (नाक्यापुढच्या जंगलातल्या पायवाटा राष्ट्रीय उद्यानाच्या आहेत. परवानगीशिवाय तिथे चाक घालू नका.) रिम खड्ड्यावर आपटते आहे असं जाणवलं तर दोन पीएसआय वाढवा. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर २५-२८ मिलिमीटरच्या टायरने वेगात जाणाऱ्यांनी मात्र चांगली ट्यूबच ठेवावी असं मला वाटतं. तिथे दाब इतका जास्त असतो की भोक बुजण्याआधी सीलंट फवारा होऊन उडून जातं.

लॅटेक्सचं सीलंट आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं. मार्चपासून मी दर दोन महिन्यांनी कोअर काढून, व्हॉल्व्ह खाली आणून आत केबल टाय बुडवून बघतो. टोक ओलं निघालं नाही की ४० मिलिलिटर भर घालतो. महिन्याला एखादीच चक्कर मारणाऱ्याला ही देखभाल जड वाटेल. त्याने या फंदात न पडलेलं बरं.

रस्त्यात तार लागली तर ती उपटा आणि भोक खाली आणून मिनिटभर थांबा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. तीनेक मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकात रबरी पट्टीचा प्लग ढकला. हवा भरायला सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) छोटी नळी मारली तर बऱ्याच सीलंटच्या गुठळ्या होतात, म्हणून सोबत हातपंपच ठेवा. टायर चिरलाच तर शेवटी ट्यूब. पण ती घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. सीलंटने आधी गुपचूप बुजवलेल्या तारा आणि बाभळीचे काटे आत टोक काढून बसलेले असतात. माझ्या मागच्या टायरमधून अशा चार तारा निघाल्या होत्या. त्या पकडीने ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूब पुढच्या सिग्नलपर्यंतही टिकत नाही.