जुन्या पिंपातला मका

लुईव्हिल, केंटकी. शनिवार, रात्री उशिरा.

आज अखेर 'मेलो कॉर्न' या मक्याच्या व्हिस्कीची बाटली उघडली. दुकानात ती नेहमी सर्वांत खालच्या फळीवर असते, आणि तिचे पिवळेजर्द लेबल पाहून इतकी वर्षे मी पुढे जात आलो. बर्बनच्या, म्हणजे इथल्या नावाजलेल्या व्हिस्कीच्या, शहरात राहणाऱ्याने स्वस्त बाटलीसाठी कशाला वाकायचे, असा एक फुकाचा तोरा त्यामागे होता, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

लेबलावर १०० प्रूफ असे छापलेले आहे. आपल्याकडून आलेल्या माणसाचा या आकड्याने हमखास गोंधळ होतो. अमेरिकेत मद्यार्काच्या टक्केवारीची सरळ दुप्पट केली की प्रूफ मिळते, म्हणजे ही व्हिस्की ५० टक्क्यांची झाली. आपल्या बाटल्यांवरचा हिशेब मात्र जुन्या ब्रिटिश मापाचा असे. त्यात ४२.८ टक्के म्हणजे ७५ प्रूफ, आणि म्हणूनच लेबलावर '२५ अंश यू.पी.', म्हणजे अंडर प्रूफ, असे लिहिलेले असे. कॉलेजात असताना आमच्यातला एक जण ते यू.पी. म्हणजे उत्तर प्रदेश समजून चालला होता, आणि आम्हीही बरेच दिवस त्याला दुरुस्त केले नाही. त्या ब्रिटिश मापाने आजची बाटली साधारण साडेसत्त्याऐंशी भरेल.

हे ५० टक्के कोणी मर्दुमकी दाखवण्यासाठी ठेवलेले नाहीत. ज्या काळी व्यापारी कच्च्या दारूत तंबाखूचे पाणी आणि आणखी काहीबाही मिसळून ती जुनी व्हिस्की म्हणून खपवत, त्या काळात, १८९७ साली, 'बॉटल्ड इन बॉन्ड'चा कायदा झाला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात निदान चार वर्षे ठेवलेली आणि नेमक्या १०० प्रूफवर भरलेली दारूच ते नाव लावू शकते. मेलो कॉर्न त्याच नियमात बसते.

मला कुतूहल होते ते पिंपाचे. बर्बनला ५१ टक्के मका पुरतो, पण पिंप मात्र नवे आणि आतून जाळून कोळसा धरलेले लागते. कॉर्न व्हिस्कीचे उलटे आहे. तिला निदान ८० टक्के मका लागतो आणि लाकडात ठेवायचीच असेल तर पिंप एक तर वापरलेले हवे, नाही तर न जाळलेले. मेलो कॉर्न बनवणारी हेवन हिल ही कंपनी आपल्याच बर्बनची रिकामी झालेली पिंपे यासाठी वापरते. ओकच्या लाकडाला आच लागली की त्यात व्हॅनिलाचा गंध, जळक्या साखरेची गोडी आणि तुरटपणा तयार होतो, आणि त्यातला मोठा वाटा पहिली व्हिस्कीच घेऊन जाते. आमच्या घरी लोणच्याची बरणी कितीही पुसली तरी पुढच्या वर्षी तिला हिंगाचा वास असायचा, तितपतच ऐवज दुसऱ्या व्हिस्कीसाठी उरतो. लाकडातून हवा मात्र येत-जात राहते आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात दारू लाकडात शिरते, बाहेर पडते, त्यामुळे वय वाढते, पण रंग फारसा चढत नाही. माझ्या ग्लासात तो वाळलेल्या गवताच्या काडीइतका फिकट होता.

पहिला वास मी घाईने घेतला आणि नाक चुरचुरले; नेलपॉलिशची बाटली उघडल्यासारखे वाटले. ग्लास दहा मिनिटे तसाच ठेवला. मग तोंड किंचित उघडे ठेवून, ग्लास नाकापासून दोन बोटे लांब धरून पुन्हा हुंगले, तेव्हा वितळलेले लोणी, थोडे व्हॅनिला आणि सगळ्याच्या तळाशी कणीस सोलताना येतो तो हिरवट, दुधाळ वास. बायकोला विचारले. ती पीत नाही, पण तिचे नाक माझ्यापेक्षा तयार आहे. तिने क्षणभर हुंगून सांगितले, "लाह्या. खालच्या थोड्या करपलेल्या." लाह्या हा शब्द मला सुचायला हवा होता.

घोट मात्र वासाइतका सौम्य नाही. जिभेच्या टोकाला गोडी, मग लगेच मिऱ्यासारखा झणका, आणि घशाखाली उतरल्यावर छातीत बराच वेळ टिकणारी ऊब. ३० मिलिलिटरमध्ये साडेसात मिलिलिटर पाणी घातले की ती बरोबर ४० टक्क्यांवर येते, म्हणून औषधाच्या मापाने मोजून घातले. झणका गेला, पण लोणीही गेले आणि उरले ते गोडसर पाणी. दुसऱ्या ग्लासात फक्त अर्धा चमचा घातले; तिथे ती मला सर्वांत आवडली.

शेजारी बर्बनचा एक घोट ठेवला होता. तोही तितक्याच प्रूफचा, तोही मुख्यतः मक्याचाच, पण त्यात मला मका शोधूनही सापडेना. काकवी, खोबरे, लाकूड, सगळे पिंपाचेच. बर्बनची तारीफ करताना आजवर मी बहुधा सुताराचीच तारीफ करत होतो! गोव्याची काजूची फेणी पिताना जसे बोंडू लपत नाहीत, तसा इथे मका लपत नाही. अर्थात तो सर्वांना रुचेल असे नाही. ज्यांना गडद, जाडसर चव हवी, त्यांना ही व्हिस्की अर्धवट राहिल्यासारखी वाटेल, आणि तिसऱ्या घोटानंतर तिचा कच्चा धान्याचा सूर मलाही थोडा एकसुरी वाटला. रोज प्यायला मी ही आणणार नाही.

रविवार, सकाळ. दोन्ही ग्लास रात्री न धुता ठेवले होते. बर्बनच्या कोरड्या ग्लासाला नव्या कपाटाचा वास येत होता. दुसऱ्याला मक्याच्या पिठाचा डबा उघडल्यावर येतो तो. तो मी धुण्याआधी बायकोच्या हातात दिला.