भाड्यातून हप्ता सुटेल?

‘भाड्यातून हप्ता सुटेल’ असं कुणी म्हणालं की आधी कागद-पेन घ्यावं. गुंतवणुकीच्या घराचा हिशेब बहुतेक जण विक्रेत्याच्या किमतीपासून सुरू करतात. तो भाड्यापासून करायचा असतो.

समजा सांगितलेली किंमत १०० आणि वर्षाचं भाडं ६. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं, म्हणजे हातात ५.५. त्यातून घरपट्टी, विमा, देखभाल, रंगकाम, गळती यांचे १.५ गेले की राहिले ४. जाहिरातीतले ‘६ टक्के’ विसरा, निव्वळ परतावा ४ टक्के.

आता कर्ज. ७० उचलले, ९ टक्के दर, २० वर्षं मुदत. वर्षाचे हप्ते होतात साधारण ७.५६. निव्वळ भाडं ४. दर वर्षी साडेतीनच्या वर खिशातून. कर्जाचा दर निव्वळ परताव्यापेक्षा जास्त असेल, तर जितकं कर्ज जास्त तितका खड्डा मोठा. निव्वळ भाडं हप्त्याच्या सव्वापट हवं असं धरलं, तर हे घर जेमतेम ३० चं कर्ज पेलतं. मग बँक ७० कशी देते? ती बघते तुमचा पगार. घराला ते कर्ज झेपेल की नाही, हा प्रश्न तुमचा.

किंमतही याच आकड्यावरून निघते. ५ टक्के निव्वळ परतावा हवा असेल तर ४ भागिले ०.०५, म्हणजे ८०. वरचे २० तुम्ही भाववाढीच्या आशेपोटी मोजताय. मोजा खुशाल, पण ती आशा किती महाग आहे ते बघून. पहिल्या वर्षी व्याज सुमारे ६.२५, त्यातून भाडं वजा जाता तोटा २.२५. स्वतःचे ३० आणि खरेदीखर्चाचे ७ असे ३७ अडकले. ते दुसरीकडे ७ टक्क्यांनी वाढले असते, म्हणजे २.६ बुडाले. खरेदी-विक्रीचा मिळून ९ खर्च पाच वर्षांवर वाटला तर आणखी १.८. एकूण साडेसहाच्या वर. भाव दर वर्षी निदान एवढा चढला, तर कुठे बरोबरी. प्राप्तिकर यात धरलेलाच नाही.

दर बदलता असेल तर एक गोष्ट आधीच तपासा. दर वाढल्यावर बँक अनेकदा हप्ता तोच ठेवते आणि मुदत लांबवते. वरच्याच कर्जाचा दर सुरुवातीलाच १०.५ झाला, तर २० वर्षांची ३४ होतात! ११ टक्क्यांवर तर महिन्याचं व्याजच हप्त्यापेक्षा जास्त. मुद्दल फिटायच्या ऐवजी वाढत जातं. अशा वेळी हप्ता वाढवून मागावा.

भावाची तुलना करताना जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवा. त्याच इमारतीतले गेल्या सहा-आठ महिन्यांतले नोंदणी झालेले व्यवहार काढा, आणि दर प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रफळावर लावा.

आणि बँकेचं मूल्यांकन. सौदा १०० ला ठरला, मूल्यांकन आलं ९२. कर्ज सहसा यातल्या कमी रकमेवर मिळतं: ७० टक्क्यांनी ६४.४. कमी पडलेले ५.६ ऐन वेळी रोख उभे करायचे, नाहीतर इसार बुडतो. म्हणून कर्ज ठरल्यापेक्षा कमी मंजूर झालं तर इसार परत, ही अट पैसे देण्याआधी लेखी घ्यावी. विक्रेता कुरकुर करेल, करू द्या.