गॅरेजचं दार, कोबा आणि वाया गेलेले सात आठवडे : माझा अनुभव

आमच्या अंमळनेरच्या घराला गॅरेजचं दार बसून एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. दार मस्त चालतंय, तक्रार नाही. पण ते बसायच्या आधीचे सात आठवडे आठवले की अजून माझं डोकं तापतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं, कोणी आत्ता घर बांधत असेल तर त्याचे तरी दिवस वाचतील.

घर जुनं आहे, धाब्याचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. समोर काळ्या दगडाचं जोतं आणि सागवानी दार, चौकटीवर कोरीव काम. बाजूला पूर्वी गोठा होता, तो पाडून तिथे गॅरेज काढलं. त्याची एक भिंत आईंच्या म्हणजे सासूबाईंच्या खोलीला लागून आहे, मधे यायला-जायला छोटं दारही आहे. आणि तोंड पश्चिमेला. आता आपल्याकडचं पश्चिमेचं ऊन काय असतं ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, मे महिन्यात पारा 44-45 ला सहज जातो. वर दोन फुटी छज्जा काढलाय, पण चार वाजले की ऊन खाली उतरतं आणि सरळ दारावरच येतं, तिथे छज्जा काही करू शकत नाही. त्यामुळे दार कसं आहे यावरच आईंच्या खोलीचं तापणं अवलंबून होतं, आणि मी इतकी अडून बसले ती त्यासाठीच.

सगळ्यांनी सांगितलं शटर लावा, स्वस्त, टिकाऊ, दुरुस्ती गावातच होते. खरं आहे ते. पण शटर म्हणजे एकेरी पत्रा, दुपारी हात लागला तर चटका बसतो आणि रात्री आठपर्यंत ती धग आत येत राहते, पट्ट्यांच्या सांध्यांमधून धूळ येते ती वेगळी. आणि त्या दगडी जोत्याच्या, सागवानी चौकटीच्या शेजारी शटर म्हणजे घराला दुकानाचा गाळा जोडल्यासारखं, मला ते बघवलं नसतं. मग मी म्हटलं सागवानाचंच दोन झडपांचं दार करू, जुन्याला शोभेल. सुताराने स्वतःच नको म्हटलं. नऊ फुटांचं तोंड म्हणजे साडेचार-साडेचार फुटांची जड झडप, बिजागरी काही वर्षांत खाली येणार, उन्हाळ्यात लाकूड आकसणार, पावसाळ्यात फुगून अडकणार, शिवाय उघडायला अंगणात तेवढी जागा मोकळी ठेवायची आणि उधईकडे लक्ष ठेवायचं ते वेगळंच. सरकत्या गेटला बाजूला भिंत नव्हती. म्हणून शेवटी सेक्शनल दार, म्हणजे आडव्या पट्ट्यांचं, दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेलं, 40 मिलीमीटर जाडीचं, जे रुळावरून वर जाऊन छताखाली आडवं होतं. शटरच्या तिप्पट पैसे गेले. ह्यांना आधी पटलं नाही, पण आईंच्या खोलीचं कारण सांगितलं मग काही बोलले नाहीत. तुमचं गॅरेज घरापासून सुटं असेल आणि शेजारी कोणाची खोली नसेल तर मात्र फोमवर पैसे घालू नका, भिंतीला वर जाळी ठेवा, हवा खेळती राहिली की पुरतं.

इथपर्यंत सगळं पंधरा दिवसांत झालं. शहरातल्या एका डीलरकडे ॲडव्हान्स दिला, मार्च संपत आला होता. आणि मग अडकलो.

डीलरचा माणूस माप घ्यायला आला, जमिनीकडे बघितलं, टेप खिशात ठेवला आणि म्हणाला, ताई, फरशी कुठंय? खाली नुसतं पीसीसी म्हणजे साधं खडबडीत काँक्रीट होतं, वरचा सिमेंटचा कोबा व्हायचा होता. तो म्हणाला पक्की जमीन झाल्याशिवाय मी माप लिहून देणार नाही, दार फॅक्टरीत मापाप्रमाणे बनतं, इंचभर चुकलं तर खालून फट राहील नाहीतर वर बसणारच नाही. बरोबर होतं त्याचं. मी लगेच कोब्यावाल्याला फोन केला. तो आला, बघून म्हणाला वहिनी, आधी दाराचे रूळ बसू द्या, नाहीतर ते लोक भोकं पाडताना माझा कोबा फोडतील, आणि दाराची रेघ नेमकी कुठे येते ते कळल्याशिवाय मी उतार कुठून देऊ? त्याचंही बरोबर होतं! दोघंही बरोबर, आणि दोघंही येईनात. मी एकाला फोन केला की तो दुसऱ्याचं नाव सांगायचा, दुसऱ्याला केला की पहिल्याचं. दोघांना एकत्र बोलवायचा प्रयत्न तीन वेळा केला, एकदा हा आला, एकदा तो, एकदा कोणीच नाही.

त्यात खरा घोळ उताराचा होता, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. आमचं गटार डाव्या कोपऱ्यात आहे, म्हणून कोब्यावाला उजवीकडून डावीकडे उतार देणार होता, नऊ फुटांत जवळजवळ दोन इंच. आणि दाराचा खालचा रबर असतो तो सरळ असतो, दार सपाट येऊन टेकतं, जमीन एका बाजूला दोन इंच खाली असेल तर तिथून धूळ, पाणी, उंदीर सगळं आत. रबर थोडाफार खड्डा झाकतो, अर्धा इंच वगैरे, दोन इंच नाही. दारवाला म्हणे रुंदीत उतार चालणारच नाही, कोब्यावाला म्हणे मग गाडी धुतलेलं पाणी काय हवेत जाईल का. हे भांडण माझ्यामार्फत चालू होतं, फोनवर, शाळेच्या मधल्या सुट्टीत.

एप्रिल असाच गेला. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली. दरवर्षी आखाजीला मी माहेरी धरणगावला जाते, दोन दिवस का होईना, आई खापरावरच्या पुरणपोळ्या आणि सांजोऱ्या करते, वहिनी, बहिणी सगळ्या जमतात, झोके असतात. कोब्यावाल्याने आदल्या दिवशी येतो म्हणून शब्द दिला म्हणून मी थांबले. तो आला नाही. सणाच्या दिवशी तर कोण येतं. फोन केला तर म्हणाला, "कसाले टेन्शन लेतस वहिनी, व्हई जाई काम." मी त्या दिवशी फोन ठेवून रडले, खोटं कशाला सांगू. घरात आमरस होता तो पण गोड लागला नाही. आणि डीलरकडे ॲडव्हान्स अडकलेला, तिथून वेगळाच फोन की पुढच्या महिन्यापासून रेट वाढणार, माप लवकर द्या.

मार्ग काढला तो आईंनी. त्या ओट्यावर बसून माझं फोनवरचं सगळं ऐकत असायच्या. एक दिवस म्हणाल्या, "पहिले उंबरा बसाडा, मंग चौकट. आम्हना टाइमले तसंच करेत." मला आधी कळलंच नाही, गॅरेजला कसला उंबरा. मग डोक्यात प्रकाश पडला. दाराची रेघ जिथे येणार तेवढीच पट्टी आधी पक्की करायची, एकदम सपाट, बाकीचा कोबा नंतर! दाराला फक्त तेवढीच पट्टी लागते, आतल्या जमिनीशी त्याचं काही घेणं नाही.

दुसऱ्याच दिवशी आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं, वय झालंय पण हात पक्का. त्यांनी पाण्याच्या नळीने दोन्ही भिंतींवर लेव्हल काढली, सूत मारून रेघ ओढली, आणि त्या रेघेपासून खाली मोजून कडप्प्याची सहा इंच रुंद पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवली. एका दिवसात काम. आईंनी हळद-कुंकू वाहिलं. मी दारवाल्याला फोटो पाठवला, तो तिसऱ्या दिवशी हजर. कोब्यावाल्याला सांगितलं की पट्टीच्या आत काही होईल ते पट्टीपेक्षा खाली जाऊ देऊ नका, पाणी पट्टीकडे आणि पट्टीवरून बाहेर, पट्टीच्या बाहेर अर्धा इंच पायरी उतरवा आणि गटाराकडे जो द्यायचा तो उतार तिथून पुढे द्या. पायरीमुळे पावसाचं पाणी उलटं आत येत नाही. भिंतीवरच्या रेघेपासून दोघांनी मापं घेतली, मग भांडायला काही उरलंच नाही.

दार फॅक्टरीतून यायला पाच आठवडे लागले, बसायला दीड दिवस. त्याचं काही विशेष सांगण्यासारखं नाही.

आता मधे राहून गेलेलं. तोंडाच्या वरपासून बीमच्या खालपर्यंत किती जागा आहे ते ऑर्डरच्या आधी मोजा, साध्या रुळांना फूट-सव्वा फूट लागते, आमच्याकडे नऊच इंच निघाली म्हणून कमी जागेचे रूळ घ्यावे लागले, त्याचे पैसे जास्त. नवीन बांधत असाल तर बीम ओतायच्या आधीच इंजिनिअरला सांगा. रुंदी वर, मधे, खाली तीन ठिकाणी मोजा, जुन्या हाताच्या प्लास्टरमधे अर्धा इंच फरक सहज निघतो.

रंगाचं तर आधीच सांगायला हवं होतं. मला सागवानासारखा गडद तपकिरी हवा होता, चौकटीला जुळणारा. दारवाल्याने समजावलं की पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाचा बाहेरचा पत्रा खूप तापतो आणि पसरतो, आतला पत्रा थंड राहतो, मधे फोम असल्यामुळे उष्णता आत पोचत नाही, म्हणून दाराची पट्टी धनुष्यासारखी वाकते, रुळात घासते. मग चुन्याच्या भिंतीच्या जवळचा फिक्कट रंग घेतला, पट्ट्यांवर नक्षी काही नाही. आणि आता बघते तर तेच बरोबर झालं, रस्त्यावरून येताना नजर आधी जुन्या सागवानी दारावर जाते, गॅरेज भिंतीत मिसळून जातं. खोटं लाकूड खऱ्या लाकडाशेजारी केविलवाणंच दिसलं असतं.

स्प्रिंगबद्दल. दाराचं सगळं वजन वरच्या स्प्रिंगवर तोललेलं असतं, मोटर फक्त ढकलते. साधारण स्प्रिंग 10,000 वेळा उघड-बंद करण्यापुरती असते, म्हणजे दिवसाला चार वेळा धरलं तर सहा-सात वर्षं. ती बदलायला माणूसच बोलवा, घरच्या कोणालाही पाना लावू देऊ नका, ताणलेली असते, हात जाऊ शकतो. मोहरमच्या सुट्टीत भाचा वर चढायला निघाला होता, मी ओरडून उतरवलं. रुळात ग्रीस भरू नका, आपल्याकडची धूळ त्यात बसून त्याचा चिखल होतो, कोरड्या फडक्याने पुसा, तेल चाकांच्या बिजागऱ्यांना द्या.

आणि लाइट गेल्यावर काय करायचं ते बसवणाऱ्याकडून नीट शिकून घ्या. एक लाल दोरी लोंबत असते, दार पूर्ण बंद असताना ती ओढली की मोटर सुटते आणि दार हाताने उचलता येतं. जूनच्या पहिल्या वादळात, ज्यात यावलकडच्या केळी आडव्या झाल्या, आमची लाइट पाच तास नव्हती, हे बाहेर गाडीत अडकलेले आणि मी शाळेत. आईंनी आतल्या दाराने जाऊन दोरी ओढली आणि एका हाताने दार वर केलं. बहात्तर वर्षांच्या आहेत त्या.