मारुती ८०० चं इंजिन घरी बांधलं, पण बोअरिंगवाल्यानं १९ दिवस खाल्ले

इंजिन खोलायला मला दोन दिवस लागले, बांधायला चार. मधले १९ दिवस माझा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, शहरातल्या एका बोअरिंगच्या (झिजलेलं सिलिंडर आतून कातून मोठं करून देणाऱ्या) दुकानात अडकला होता. ते आठवलं की अजून डोकं तापतं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या अडावदकडचा. पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून देणं हा धंदा, गाडीच्या इंजिनाला तोवर हात लावलेला नव्हता. गाडी १९९८ ची, कार्बोरेटरवाली. निळा धूर सोडायची, ऑइल प्यायची. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजलं तर मधलं सिलिंडर पार बसलेलं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर दाब वर चढला. म्हणजे व्हॉल्व्ह बरे, झिजलेत ते पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत). हे आधी करून बघा, नाहीतर मेकॅनिक सांगेल ते सगळं बदलत बसाल.

विहिरीतून मोटार काढायची चेनपुली गोठ्यात टांगली आणि चुलतभावाला घेऊन इंजिन बाहेर काढलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं, दोघांना जड गेलं नाही. "भंगारातलं इंजिन टाक ना भो, कशाला एवढा कुटाणा," असं चारजणांनी सांगितलं. पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, तोच आरसी बुकात. ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद आली. म्हणून जुनाच ब्लॉक बोअर करायचं ठरवलं आणि तिथेच फसलो.

ब्लॉक गोणपाटात बांधून एसटीत चढवला. कंडक्टरनं "बोकड का रे?" विचारलं आणि लगेजचं तिकीट फाडलं. दुकानदारानं गेज घालून सांगितलं, पन्नास ओव्हरसाइज करावा लागेल, म्हणजे ६८.५ मिमीचा बोअर ६९ वर न्यायचा. "परवा ये." परवा गेलो, तर उद्या. उद्या गेलो, तर बोअरिंगचा माणूस लग्नाला. मे महिना, तापीच्या पुलावर वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा, आणि माझा ब्लॉक ठेवला होता तिथेच.

आठव्या दिवशी म्हणतो, "पिस्टन कुठेत?" मी म्हटलं, कसले पिस्टन? "अरे, पिस्टन मोजल्याशिवाय बोअर कसा करू?" बोलणं बरोबर होतं. पिस्टन आणि भिंत यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट ठेवायची असते, म्हणून आधी पिस्टन आणायचे, प्रत्येक मायक्रोमीटरनं मोजायचा आणि त्या मापानं बोअर करायचा. पण हे पहिल्या दिवशी सांगायला त्याचं काय जात होतं? सेट मागवण्यात आणखी तीन दिवस गेले. तोवर पेरणीच्या आधी तयार हवेत म्हणून ट्रॅक्टरचे ब्लॉक रांगेत आले. आपला नंबर त्यांच्यामागे. विचारलं की एकच उत्तर, "तुझंच करी राह्यलो भो."

१६ व्या दिवशी ब्लॉक मिळाला. घरी आणून रिंग बोअरमध्ये घातली, पिस्टननं सरळ खाली ढकलली आणि तोंडाची फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजली. दोन सिलिंडरांत सारखी, तिसऱ्यात फारच कमी. बॅटरी मारून आत पाहिलं, नख फिरवलं. बोअरिंगच्या हत्याराच्या रेघा तशाच, होनिंगची, म्हणजे दगडानं घासून उठवलेली, फुलीफुलीची जाळी नाहीच. त्या जाळीत ऑइल थांबतं, नव्या रिंगा बसतात. यानं तिसरं सिलिंडर होनच केलं नव्हतं!

परत एसटी, परत लगेजचं तिकीट. तो म्हणतो, "चालवता चालवता घासून जाईल." मी फीलर गेज त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तूच मोज. मोजलं, मग गप्प बसला. त्या दिवशीही "उद्या" म्हणालाच. १९ व्या दिवशी मी स्टूल ओढून मशीनसमोर बसलो, उठलो ते काम झाल्यावरच. तुम्हीही सरळ बसा. भिडस्तपणा केला की ट्रॅक्टर पुढे जातात.

बांधणी सोपी गेली. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना). रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर खोलतानाच पंचनं १, २, ३ मारून ठेवा, हे खरं तर वर सांगायला हवं होतं. टोप्या आपसात बदलल्या तर नवं बेअरिंगही खातं. पहिल्या स्टार्टरला गाडी बोलली नाही, प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर फिरलेला होता. तो सरळ केला आणि बोलली. थोडा धूर निघाला, बांधताना लावलेलं ऑइल जळत होतं. मग साफ. आई तुळशीपाशी उभी होती, म्हणाली, "बंद कर आता, ऐकलं." मी तरी पंधरा मिनिटं चालू ठेवली.

अजून एक राहिलंच. ब्लॉक दुकानातून आला की नुसत्या डिझेलनं पुसू नका, होनिंगची वाळू आत राहते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन घासा. पांढरं फडकं फिरवून काळं येत नाही तोवर घासायचं आणि लगेच ऑइल लावायचं, नाहीतर डोळ्यांदेखत गंज धरतो. मी त्यासाठी बाबांचं जुनं धोतर वापरलं. ते अजून शोधतायत.