सात पुटं, मृगाच्या आत

कोकणात दापोलीजवळच्या आंजर्ल्याला आम्ही २० मार्च २०२० ला पोहोचलो ते चार दिवसांसाठी. कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायची, कड्यावरच्या गणपतीला जायचं आणि पाडव्याची गुढी घरी जाऊन उभारायची, एवढाच बेत. २२ ला जनता कर्फ्यू लागला, पाठोपाठ एसटी बंद झाली, आणि २५ ला पाडव्याच्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. चार दिवसांचा मुक्काम जूनच्या मध्यापर्यंत गेला, आणि त्यात आमसूल कसं करतात ते कळलं.

पहिला महिना सांगण्यासारखा नाही. आगरात, म्हणजे माड-सुपारीच्या बागेत, शिंपणं, दुपारी झोप, रेंजसाठी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर, चढणं. ग्रामपंचायतीच्या वहीत आमची नावं होती, गावच्या आशा सेविका फाटकाबाहेरूनच ताप-खोकला विचारून जायच्या. घरातल्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात खोलीचं भाडं निम्मं केलं आणि जेवणाचे पैसे महिन्याच्या वाणसामानात धरले. त्या दिवसांत गावात परक्याला ठेवून घेणं सोपं नव्हतं, आणि त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

एप्रिल सरता सरता रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, लाल झाले. तिथून पुढचे दिवस मात्र मला तारखेसकट आठवतात.

आमसूल म्हणजे कोकमाची वाळवलेली साल, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. नुसती साल वाळवली तर ती पातळ होते, रंग तपकिरी पडतो आणि आमटीत टाकली की चोथ्यासारखी वर तरंगते. फळाचाच रस सालीला पुन्हा पुन्हा पाजावा लागतो, तेव्हा ते आमसूल होतं. एकदा रसात भिजवून वाळवलं की एक पुट. या घरात सात पुटं देतात. बाजारासाठी करणारे चार-पाचावर थांबतात, कारण पुढच्या प्रत्येक पुटाला आणखी एक दिवस कडक ऊन लागतं. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, त्याच्या आधीही वळवाच्या सरी येतात. म्हणजे हाताशी जेमतेम पाच आठवडे, आणि झाडावरची फळं एकदम पिकत नाहीत. चार-पाच घाणे, म्हणजे खेपा, एकाच वेळी वेगवेगळ्या पुटांवर असतात. साली वाळवायची कुठली डाली तिसऱ्यावर आणि कुठली पाचव्यावर, हे घरातल्या आजी पडवीच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवायच्या.

फळ गर्द लाल हवं. पिवळट-लालसर फळाची साल आंबट लागते, पण तिला रंग चढत नाही. फळं धुऊन कोरडी पुसायची, मग आडवी कापून दोन वाट्या करायच्या. सुरी स्टीलची. लोखंडी विळीवर आंबट रसाने काळं सुटतं आणि ते सालीला लागतं. सालीतून पिवळा चीक येतो, तो बोटांना आणि पात्याला असा चिकटतो की दर वीसेक फळांनंतर पातं पुसावं लागतं. आधी हाताला खोबरेल चोळून बसलं की निदान हात सुटतात. बिया आणि गर चिनी मातीच्या बरणीत किंवा प्लास्टिकच्या पिंपात काढायचा. तांब्या-पितळेचं भांडं नको, ते कळकतं. अॅल्युमिनियमही नको, त्याला आंबट रस खातो.

दहा किलो फळांची साधारण पाच किलो साल निघते. गरातच मीठ घालतात. इथलं माप गर-रसाच्या दर किलोला शंभर ग्रॅम जाडं मीठ. मिठाने गरातला रस सुटतो आणि तो रात्रभर आंबत नाही. साली त्यात संध्याकाळी बुडवायच्या, वर ताटली आणि ताटलीवर धुतलेला दगड, म्हणजे तरंगत नाहीत. सकाळी उन्हं खळ्यात उतरली की रोवळीत काढून निथळू द्यायच्या, अर्धा तास तरी. मी पहिल्या घाण्याला घाई केली आणि साली ओथंबत्याच डालीवर पसरल्या. रस वाटीच्या तळाशी साचला, कड वाळली, मधला भाग चिकट राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी दिसली. आजींनी ती डाली न बोलता उकिरड्यावर रिकामी केली. एका सालीची बुरशी बरणीभर पसरते, म्हणून धुऊन वापरायचा विचारसुद्धा करायचा नाही.

पसरतानाही रीत आहे. पहिल्या दिवशी पोकळ बाजू वर, दुपारनंतर उलटून पाठ वर. साली एकमेकींवर चढता कामा नयेत. चारच्या सुमाराला उचलायच्याच, कारण किनाऱ्यावर संध्याकाळी हवेत इतका दमटपणा येतो की दिवसभराचं वाळवण तासाभरात मऊ पडतं. उचलल्या की पुन्हा त्याच रसात. तिसऱ्या पुटापर्यंत साल लालच दिसते. चौथ्याला जांभळी होते. सहाव्याला जवळजवळ काळी, पण उन्हाकडे धरली तर कड माणकासारखी लाल. रस पुटागणिक कमी होत जातो आणि घट्ट होतो, शेवटी सालींना नुसता चोळावा लागतो.

झालं की नाही, हे मुठीवर कळतं. मूठभर साली घट्ट दाबायच्या. हाताला रस लागला तर अजून एक ऊन. मूठ उघडल्यावर साली आपापल्या सुट्या झाल्या आणि वाकवल्यावर मोडल्या नाहीत, तर बरणीत. कडकन मोडली तर ऊन जास्त झालं. ते आमसूल वाईट नसतं, पण आमटीत मऊ पडायला वेळ घेतं. पाच किलो ओल्या सालीतून हाती दीड किलोच्या आत-बाहेर माल येतो. मीठ वाढवलं तर वजनही वाढतं. बाजारातल्या काही आमसुलांवर पांढरे खडे चमकतात, ते मीठच.

म्हणूनच किलोच्या भावात घासाघीस करणाऱ्यांचा मला आता राग येतो. त्या मे महिन्यात फोनवर आंब्याच्या पेट्यांबरोबर आमसुलाच्याही ऑर्डरी यायच्या, आणि हमखास पुढचं वाक्य असायचं, "काकू, थोडं कमी करा ना." सात दिवस ऊन, सात रात्री रस, चिरलेल्या बोटांत मीठ आणि आंबट. यात कमी काय करायचं?

उरलेल्या बियाही टाकत नाहीत. राखेत चोळून धुतात, खडखडीत वाळवतात, कुटून टरफल काढतात. आतला गर वाटून पाण्यात उकळला की तेल वर येतं. ते गार झालं की मेणासारखं थिजतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून मुठेल. भेगा पडलेल्या टाचांना यासारखं दुसरं काही नाही. गोळा टाचेवर घासण्याआधी जरा ऊब द्यावी लागते.

घरामागे कोकमाची अकरा झाडं होती, त्यांतली पाच नर. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बी रुजवून लावलं तर फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, काहीच कळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता ही जात कलमाने लावली तर हा प्रश्न उरत नाही. काकांनी तीन कलमं विहिरीजवळ लावली होती, गुडघ्याएवढी झाली होती.

२ जूनला संध्याकाळीच निरोप आला की निसर्ग चक्रीवादळ उद्या किनाऱ्याला लागणार. शेवटचे दोन घाणे अनुक्रमे पाचव्या आणि सहाव्या पुटावर होते. डाल्या माजघरात घेतल्या, भरलेल्या बरण्या पलंगाखाली सरकवल्या. ३ ला दुपारी वादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यानिशी. आम्ही माजघरात बसलो होतो. आधी ओटीवरची कौलं सुटली, एकामागून एक, पत्ते पिसल्यासारखा आवाज करत. मग आगरातून पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडल्याचे आवाज. पोफळ उन्मळत नाही, मधेच काडकन तुटते. माड मुळासकट आडवा होतो. तासाभराने काकांनी आवाज मोजणं सोडून दिलं.

संध्याकाळी आगरात उजेड होता. पोफळीला सावली लागते, ती माडांची असते, आणि माडच नव्हते. नव्याने लावलेली पोफळ धरायला पाच-सहा वर्षं घेते, माड त्याहूनही जास्त. कोकमाची बुटकी, लवचीक झाडं बहुतेक उभी होती, पानं तेवढी ओरबाडलेली. विहिरीजवळच्या तीन कलमांवर माड पडला होता.

वीज पुढे कित्येक दिवस आली नाही. पंपाऐवजी रहाटावर पाणी, आणि छपरावर निळी ताडपत्री. ऊनही परत आलं नाही. पाचव्या पुटाच्या साली काकूंनी चुलीवरच्या शिंक्यात ठेवून बघितल्या, पण त्यांना धुराचा वास लागला, म्हणून घरच्या आमटीत संपवायच्या ठरल्या. सहाव्या पुटाच्या साली थोडं जास्त मीठ लावून वेगळ्या बरणीत भरल्या. झाकणावर आजींनी कोळशाने सहा रेघा ओढल्या. ती बरणी गणपतीच्या आत संपवायची, गिऱ्हाइकाला द्यायची नाही.

१४ जूनला ई-पास मिळाला. निघताना काकूंनी दोन किलो आमसूल बांधून दिलं, सात रेघांच्या बरणीतलं. पैसे भावाप्रमाणे घेतले.